घोडबंदर ते ऐरोली, सीएनजीवर: वॅगन-आरच्या रोजच्या वापराचा हिशेब

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर राहणारा आणि नोकरीसाठी ऐरोली-घणसोलीकडे जाणारा माणूस गाडी घ्यायला निघाला की त्याचा पहिला प्रश्न 'ॲव्हरेज किती देते?' हाच असतो. 'धडक बसली तर आत बसलेल्यांचे काय होते?' हा प्रश्न शोरूममध्ये क्वचितच कोणी विचारतो, आणि विक्रेता तो आपणहून काढत नाही. मारुती सुझुकीच्या वॅगन-आरचे कारखान्यातूनच गॅसवर येणारे मॉडेल आमच्या घरी रोज चालते आणि ते मी व माझी पत्नी असे दोघेही चालवतो. या वापरातून बनलेले माझे मत असे, की पैसे वाचवण्याचे काम ही गाडी बहुतांशी स्वतः करते, परंतु जीव सांभाळण्याचे काम बरेचसे चालकावर सोपवते. म्हणून या परीक्षणात गाडीइतकेच ती हाकण्याविषयीही लिहावे लागत आहे.

गाडीची ओळख थोडक्यात आटोपतो, कारण ती कोणाला नवी नाही. वॅगन-आर भारतात डिसेंबर १९९९ मध्ये आली आणि आजची तिसरी पिढी जानेवारी २०१९ मध्ये बाजारात आली. गॅसच्या मॉडेलमध्ये ९९८ सीसीचे तीन सिलिंडरांचे इंजिन आहे. पेट्रोलवर ते सुमारे ६७ पीएस शक्ती देते, तर गॅसवर सुमारे ५७. लांबी ३,६५५ मिलिमीटर, रुंदी १,६२० मिलिमीटर आणि उंची १,६७५ मिलिमीटर, म्हणजे गाडी रुंदीपेक्षा उंच आहे, आणि तिचे बरेचसे गुण-दोष या एकाच मापातून निघतात. गुडघे दुखणाऱ्या माझ्या आईला या गाडीत वाकून उतरावे लागत नाही; नुसते सरकून बसता येते. चालकाला पुढचा रस्ता लांबपर्यंत दिसतो आणि जुन्या ठाण्यातल्या नौपाडा-चरईच्या गल्ल्यांत गाडी वळवताना घाम फुटत नाही. डिकीची जागा मात्र गॅसच्या सिलिंडरने खाल्लेली आहे. चार माणसे गावाला निघाली तर बॅगा कुठे ठेवायच्या, याचा विचार गाडी घेण्यापूर्वीच केलेला बरा. त्यावर उपाय म्हणून टपावर कॅरिअर बसवून घेणारे पुष्कळ दिसतात. आधीच उंच असलेल्या गाडीच्या डोक्यावर आणखी वजन चढवले की वळणावर तिचा तोल बिघडतो आणि वाऱ्याचा विरोध वाढून गॅसही जास्त जळतो, त्यामुळे कामापुरता कॅरिअर लावावा आणि काम संपताच उतरवावा.

आता ॲव्हरेज. कंपनीचा दावा किलोमागे ३४.०५ किलोमीटरचा आहे. तो प्रयोगशाळेतल्या ठरावीक चाचणीत मिळालेला आकडा असतो. त्या चाचणीत मानपाड्याचा सिग्नल नसतो आणि मेट्रोच्या खांबांमुळे अरुंद झालेला रस्ताही नसतो. घोडबंदर रस्ता, माजिवडा, कळवा पूल, विटावा, दिघा, ऐरोली असा आमचा नेहमीचा मार्ग आहे आणि त्यावर एसी चालू ठेवून किलोला २५ ते २७ किलोमीटर मिळतात. रविवारी सकाळी रस्ता मोकळा असेल आणि वेग साठच्या आसपास ठेवला तर हाच आकडा तिशीच्या पुढे जातो. गाडी तीच, रस्ता तोच, तरी माझ्यापेक्षा माझ्या पत्नीच्या हातून ॲव्हरेज सातत्याने जास्त निघतो. ती हळू चालवते असे नाही, कारण पोहोचायला दोघांनाही तेवढाच वेळ लागतो. फरक इतकाच, की पुढचा सिग्नल लाल दिसला की ती तिथूनच ॲक्सिलरेटरवरचा पाय काढते आणि गाडीला गिअरमध्येच सरकू देते, तर मी सिग्नलपर्यंत गॅस जाळत जातो आणि मग ब्रेक दाबतो. ब्रेकच्या प्रत्येक दाबात आधी जाळलेल्या इंधनाची उष्णता होऊन जाते, त्यामुळे ब्रेक जितका कमी लागेल तितका पैसा वाचतो; आणि ब्रेक कमी लागावा म्हणून रस्त्याकडे लांबवर पाहावे लागते, तीच सवय अपघातही टाळते.

हा ॲव्हरेज मोजायचा कसा, याविषयी दोन शब्द, कारण गॅसच्या बाबतीत बहुतेकांची गल्लत इथेच होते. सिलिंडरची पाणीक्षमता, म्हणजे पाणी भरले तर मावेल तेवढी जागा, ६० लिटर असली तरी त्यात प्रत्यक्ष ८ ते ९ किलो गॅस मावतो, आणि तोही दर वेळी सारखा मावत नाही. गॅस २०० बारच्या दाबापर्यंत भरला जातो. भरताना तो सिलिंडरमध्ये दाबला जाऊन तापतो आणि तापलेला वायू जास्त जागा व्यापतो, म्हणून मे महिन्यातल्या दुपारी दाबाचा काटा पूर्ण दिसला तरी आत वजनाने कमी गॅस गेलेला असतो. पंपावर 'प्रेशर कमी आहे' असे सांगितले जाते तेव्हा गाडी २०० बारपर्यंत भरतच नाही. सबब एका टाकीवरून ॲव्हरेज काढून मेकॅनिककडे धाव घेऊ नये. शक्यतो एकाच पंपावर, शक्यतो थंड वेळी गॅस भरावा, पावतीवरचे किलो आणि मीटरवरचे किलोमीटर लिहून ठेवावेत आणि निदान पाच-सहा टाक्यांची सरासरी काढावी. गाडीच्या पडद्यावर दिसणारा आकडा कल दाखवायला पुरेसा आहे. हिशेबाला तो धरू नये.

ठाणे आणि नवी मुंबईत गॅसचा पुरवठा महानगर गॅस करते. पंपांचे प्रकार समजून घेतले तर वेळ वाचतो. जो पंप थेट गॅसच्या वाहिनीवर आहे आणि ज्याच्याकडे स्वतःचा कॉम्प्रेसर आहे तिथे दाब साधारणपणे चांगला मिळतो. काही पंपांवर मात्र मोठ्या सिलिंडरांचे संच लॉरीने आणून लावले जातात, आणि संच रिकामा होत आला की दाब उतरतो. रांगेचे गणित रिक्षांवर अवलंबून असते. रिक्षाची पाळी बदलण्याच्या वेळी, म्हणजे दुपार कलत असताना, पंपावर जाण्यात अर्थ नाही. पहाटे किंवा रात्री जेवणानंतर गेले तर काम लवकर होते. रांगेत इंजिन चालू ठेवून एसी खाणाऱ्यांचे मला नेहमी नवल वाटते. दोन रुपये वाचवण्यासाठी गॅसवर आलेला माणूस पाऊण तास उभ्या गाडीत गॅस जाळत असतो.

भरण्याच्या वेळी पंपावरचा माणूस सगळ्यांना खाली उतरायला सांगतो. पाऊस असला, मूल झोपलेले असले की लोक कुरकुर करतात, काही जण हुज्जतही घालतात. परंतु २०० बार म्हणजे आपल्या भोवतीच्या हवेच्या सुमारे दोनशे पट दाब. सिलिंडरमध्ये किंवा जोडणीत काही दोष असेल तर तो उघड होण्याची शक्यता भरतानाच सर्वांत जास्त असते, म्हणून त्या दोन-तीन मिनिटांत आत कोणी नसावे, हा नियम सरळ आहे. या गाडीत इंधनाचे झाकण उघडे असेपर्यंत इंजिन सुरू होऊ न देणारा मायक्रोस्विच आहे आणि ही सोय मला फार मोलाची वाटते, कारण नळी लावलेली असताना घाईने गाडी पुढे काढण्याचा प्रकार त्यामुळे घडूच शकत नाही. भरून झाल्यावर व्हॉल्व्हची टोपी नीट बसली की नाही, हे स्वतः वाकून पाहावे. टोपी हरवली तर घोडबंदरची धूळ थेट व्हॉल्व्हच्या तोंडात जाते आणि आतली रबराची रिंग खराब होऊन गॅस झिरपू लागतो.

गॅसविषयीची भीती अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही, परंतु ती योग्य जागी असावी. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असल्याने उघड्यावर गळला तर वर निघून जातो. पेट्रोलची वाफ मात्र जमिनीलगत साचते. गळती कळावी म्हणून गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो. वास आला तर इंजिन बंद करून काचा व दारे उघडावीत, सगळ्यांनी उतरावे आणि सिलिंडरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करावा. तो व्हॉल्व्ह नेमका कुठे आहे, हे गाडी ताब्यात घेतानाच दाखवून घेणे श्रेयस्कर, कारण ऐन वेळी पुस्तिका उघडायला कोणाला सुचत नाही. सिलिंडरची दाबचाचणी, जिला सगळे 'हायड्रो टेस्ट' म्हणतात, दर ३ वर्षांनी करून घेणे बंधनकारक आहे. चाचणीची तारीख असलेली पट्टी गाडीवर लावलेली असते, आणि तारीख उलटलेली असेल तर पंपावरचा माणूस गॅस नाकारू शकतो. पीयूसी प्रमाणपत्रही गॅसच्या गाडीला लागतेच. 'आमची गाडी गॅसची आहे, आम्हाला काय पीयूसी' हा समज अजून ऐकू येतो आणि तो चुकीचा आहे.

आता या परीक्षणातल्या अप्रिय भागाकडे वळतो. एप्रिल २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने वॅगन-आरच्या धडक चाचणीचा निकाल जाहीर केला, त्यात प्रौढांच्या सुरक्षेसाठी ५ पैकी १ तारा आणि मुलांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. सांगाडा अस्थिर असल्याचा शेराही त्या निकालात होता. याच गाडीला २०१९ च्या चाचणीत २ तारे मिळाले होते. मधल्या काळात संस्थेने निकष कडक केले, हे लक्षात घेतले तरी निकाल समाधानकारक म्हणता येत नाही. चाचणीतल्या गाडीला पुढे २ एअरबॅग होत्या. कंपनीने मे २०२५ पासून वॅगन-आरच्या सर्व प्रकारांत ६ एअरबॅग देण्याचे जाहीर केले, आणि हा बदल स्वागतार्ह आहे. तथापि एअरबॅगांची संख्या वाढली म्हणून सांगाडा आपोआप मजबूत होत नाही, आणि विक्रेत्याने 'सर, आता सहा एअरबॅग आल्या' असे म्हणून विषय मिटवला तर तो मिटला असे धरू नये.

एअरबॅग सीटच्या पट्ट्याला पूरक असते, पर्याय नसते. पट्टा नसेल तर शरीर पुढे फेकले जाते आणि क्षणार्धात फुगणाऱ्या बॅगेवर जवळून आदळते, तेव्हा तीच बॅग इजा करू शकते. चालकाने छाती आणि स्टिअरिंग यांत निदान २५ सेंटिमीटर अंतर राहील असे बसावे. मागच्या सीटवरच्या पट्ट्याकडे आपल्याकडे अजूनही शोभेची वस्तू म्हणून पाहिले जाते. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. ती गाडी वॅगन-आरपेक्षा किती तरी महाग आणि मजबूत होती. त्यानंतर काही दिवस मागच्या पट्ट्यांची चर्चा झाली आणि पुढे सीटच्या कव्हरखाली दडपलेली पट्ट्यांची कुलपे तशीच राहिली. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब नुसार पट्ट्याशिवाय गाडी चालवल्यास १,००० रुपये दंड आहे आणि १४ वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा मुलांसाठीची सीट नसेल तरीही तेवढाच दंड आहे. ज्या गाडीच्या सांगाड्याविषयी अशी शंका आहे, तिच्यात आमच्या घरी नियम एकच: मागच्या सीटसह सगळ्यांचे पट्टे लागल्याशिवाय गाडी सोसायटीच्या फाटकाबाहेर पडत नाही. आईने सुरुवातीला 'मला घुसमटल्यासारखे होते' म्हणून विरोध केला. पट्टा पोटावरून न घेता कमरेच्या हाडावरून घेतला आणि वरचा भाग गळ्याऐवजी खांद्यावरून आला की घुसमट होत नाही, हे तिला समजल्यावर तो विरोध मावळला.

गाडी स्वतः फारसे संरक्षण देत नसेल तर धडकच होऊ नये अशा रीतीने चालवणे भाग आहे, आणि इथे सगळा खेळ पुढच्या गाडीपासून ठेवलेल्या अंतराचा आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो आणि कोरड्या, चांगल्या रस्त्यावर थांबायला पुढे आणखी सुमारे २० मीटर लागतात, म्हणजे एकूण ३५ ते ४० मीटर. वेग ८० केला तर हेच अंतर ५५ ते ६० मीटर होते, कारण ब्रेक लावल्यानंतरचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पावसात यात मोठी भर पडते. वेगाचा इशारा देणारी शिट्टी या गाडीत आहे आणि ती ८० ओलांडल्यावर वाजू लागते, परंतु ठाणे-बेलापूर रस्त्यावर रबाळे-महापे पट्ट्यात औद्योगिक वसाहतीतून ट्रक अचानक बाहेर येतात आणि तिथे ८० हा वेगच जास्त आहे. पुढची गाडी ज्या खांबाजवळून गेली तिथे पोहोचायला आपल्याला दोन सेकंद लागले पाहिजेत, पावसात चार, ही मोजणी मनातल्या मनात सहज करता येते. 'अंतर ठेवले की कोणीतरी मध्ये घुसते' ही तक्रार खरी आहे. घुसतेच. घुसू द्यावे आणि पुन्हा अंतर ठेवावे. त्यात प्रवासाचे फार तर एखादे मिनिट जाते.

अवजड वाहनांशेजारून जाताना या गाडीचा छोटा आकार उपयोगी न पडता धोक्याचा ठरतो. ट्रकच्या केबिनच्या डाव्या बाजूला आणि अगदी पुढ्यात चालकाला न दिसणारा पट्टा असतो, आणि वॅगन-आर त्यात पूर्णपणे झाकली जाते. आपल्याला ट्रकचा आरसा दिसत नसेल तर ट्रकवाल्याला आपण दिसत नाही, असे समजावे. त्यामुळे ट्रकच्या डावीकडून पुढे काढणे पूर्णपणे वर्ज्य करावे. गाडी उंच आणि हलकी असल्याने ऐरोलीच्या खाडीपुलावर किंवा पाम बीच रस्त्यावर आडवा वारा आला की ती किंचित सरकते. अशा वेळी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावे, मात्र झटका देऊ नये. याच खाडीपुलाविषयी एक चांगली गोष्ट नोंदवतो: ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही प्रवेश नाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ झाला असून त्यांत ऐरोली आणि ठाण्याचे आनंदनगर हे नाकेही आहेत, त्यामुळे मुलुंडमार्गे जाण्याचा पर्याय खर्चाच्या दृष्टीनेही खुला झाला आहे.

गॅसवर गाडीचा पिकअप पेट्रोलपेक्षा कमी असतो आणि ते सिग्नलवरून निघताना जाणवते. यावर उपाय म्हणून अनेक जण क्लच अर्धा दाबून इंजिन रेटतात. हाफ क्लचवर गाडी हाकण्याची ही सवय माजिवडा ते कासारवडवलीच्या वाहतुकीत इतकी रुळलेली आहे की क्लचप्लेट लवकर जाते आणि दोष मात्र गाडीला दिला जातो. पुढच्या गाडीला एक गाडीभर अंतर पुढे जाऊ द्यावे, मग पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून सरकावे. दर दोन हातांवर थांबण्या-निघण्यापेक्षा हे सोपे आणि स्वस्तही पडते. गायमुखच्या घाटात चढताना गाडी दम खाऊ लागली की लगेच गिअर उतरवावा. वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून ठेवल्याने ना ताकद मिळते ना बचत होते.

उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकून 'गॅस वाचवणे' हा तर जुना आणि धोकादायक गैरसमज आहे. कार्ब्युरेटरच्या काळात त्यात थोडेफार तथ्य असेल. आजच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की संगणक इंजिनाचे इंधन जवळपास पूर्ण तोडतो, कारण चाकेच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला इंधन द्यावेच लागते. म्हणजे न्यूट्रलमध्ये खर्च जास्त होतो, इंजिनाचा अटकाव जातो, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापले की त्यांची पकड कमी होते. त्यापुढे जाऊन उतारावर चावी बंद करणारेही महाभाग आहेत. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी निर्वात दाबाची मदत दोन-तीन दाबांत संपते, ब्रेकचे पेडल दगडासारखे घट्ट होते आणि स्टिअरिंगही जड होते. चढताना जो गिअर लागला, साधारण त्याच गिअरमध्ये उतरावे, हा ट्रकचालकांचा जुना शिरस्ता मोटारीलाही लागू आहे.

टायरांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण बचत आणि सुरक्षा दोन्ही शेवटी तळहाताएवढ्या चार जागांवर टेकलेल्या असतात. या गाडीला १५५/८० आर१३ मापाचे अरुंद टायर येतात. अरुंद टायर इंधन कमी घेतात आणि पकडही बेताचीच देतात, म्हणून त्यांच्यातली हवा योग्य असणे जास्त महत्त्वाचे आहे. हवा किती असावी हे पंपावरच्या पोऱ्याला विचारू नये. चालकाच्या दाराच्या खांबावर चिकटवलेल्या पट्टीवर पुढच्या-मागच्या चाकांचे आकडे छापलेले असतात. गॅसच्या गाडीत सिलिंडरचे जादा वजन मागे असते, त्यामुळे मागच्या चाकांची हवा कमी राहिली तर टायर कडेने झिजतात आणि वळणावर गाडीचा मागचा भाग ढिला वाटू लागतो. हवा टायर थंड असताना, म्हणजे घरापासून दोन-तीन किलोमीटरांच्या आत तपासावी. तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला असतो आणि तो पाहून हवा काढली तर टायर थंड झाल्यावर ती कमी पडते. पंधरा दिवसांतून एकदा हवा आणि त्याच वेळी स्टेपनीचीही हवा तपासणे, एवढे केले तरी पुरे. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे मोजण्याचे कारण मला पटलेले नाही, कारण साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर कायद्यानेही बाद होतो. नक्षीच्या खाचेत बारीक उंचवटे दिलेले असतात, ते पृष्ठभागाच्या बरोबरीला आले की समजावे. मी स्वतः पावसाळ्याच्या तोंडावर त्याआधीच टायर बदलण्याच्या मताचा आहे, कारण उथळ नक्षीतून पाणी बाहेर पडत नाही आणि चाक पाण्यावर तरंगू लागते. तसे झाले की ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही काही क्षण निकामी होतात आणि ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणाही काही करू शकत नाही.

पावसाचा विषय निघालाच आहे तर विटाव्याच्या रेल्वे पुलाखालच्या पाण्याचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जोराच्या सरीत तिथे पाणी साचते हे कळव्याच्या पोराटोरांनाही ठाऊक आहे, तरी दर वर्षी तिथे गाड्या बंद पडतात. वॅगन-आरची जमिनीपासूनची उंची १६५ मिलिमीटर आहे. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत असेल तर जाऊच नये. त्याहून कमी असेल तर पहिल्या गिअरमध्ये, न थांबता, सावकाश काढावी आणि पलीकडे गेल्यावर ब्रेक हलकेच दोन-चार वेळा दाबून कोरडे करावेत. पाण्यात इंजिन बंद पडले तर पुन्हा चावी मारू नये. हवेच्या वाटेने इंजिनाच्या सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो आणि टोइंगच्या हजार-दोन हजारांच्या जागी इंजिनाचे बिल येते. मुसळधार पावसात चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवून गाडी हाकण्याची जी फॅशन पडली आहे तीही सोडावी. ते दिवे थांबलेल्या गाडीसाठी आहेत, आणि ते चालू असताना आपण डावीकडे वळणार की उजवीकडे, हे मागच्याला कळत नाही. पावसात हेडलाइट लो बीमवर ठेवणे पुरेसे आहे.

देखभालीचा खर्च पेट्रोलच्या गाडीहून थोडाच जास्त आहे. गॅस पेटायला ठिणगी जोरकस लागते, म्हणून स्पार्क प्लग वेळेवर बदलावे लागतात. घोडबंदरवर मेट्रो ४ चे बांधकाम आणि रेडिमिक्सच्या गाड्या यांच्या धुळीने एअर फिल्टर पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीआधीच भरतो. पेट्रोलची टाकी रिकामी ठेवू नये आणि आठवड्यातून काही किलोमीटर पेट्रोलवर चालवावे, म्हणजे पेट्रोलची यंत्रणा कामात राहते आणि गॅस संपल्यावर पंचाईत होत नाही.

पैशांचे गणित असे मांडता येईल. गॅस किलोला ८० रुपयांच्या आसपास आणि पेट्रोल लिटरला १०४ रुपयांच्या आसपास धरले, शहरात गॅसवर २६ आणि पेट्रोलवर १७ किलोमीटर मिळतात असे मानले, तर किलोमीटरमागे खर्च अनुक्रमे ३ रुपये आणि ६ रुपये येतो. गॅसचे मॉडेल पेट्रोलच्या मॉडेलपेक्षा सुमारे ९० हजार रुपयांनी महाग आहे, म्हणजे हा फरक ३० हजार किलोमीटरांत भरून निघतो. रोज ठाणे-ऐरोली किंवा त्याहून लांबचा पल्ला असेल तर तीनेक वर्षांत हिशेब जुळतो. महिन्याकाठी तीन-चारशे किलोमीटरच चालवणाऱ्याने, म्हणजे जो कामाला लोकलने जातो आणि रविवारी तलावपाळीला चक्कर मारतो त्याने, गॅसच्या नादी लागू नये. त्याला बचत दिसायला सात-आठ वर्षे लागतील आणि दरम्यान डिकी नाही ती नाहीच.

ज्यांना ही गाडी घ्यायची आहे त्यांनी नवी घेताना ६ एअरबॅग असलेलीच घ्यावी. जुनी घेताना उत्पादनाचा महिना नोंदणीच्या कागदावर पाहावा, कारण मे २०२५ पूर्वीच्या गाड्या शोरूमच्या दिव्यांत अगदी नव्यासारख्या दिसतात. त्याचबरोबर नोंदणीपत्रात इंधन म्हणून सीएनजीची नोंद आहे का, विम्याच्या पॉलिसीत ती उतरली आहे का आणि सिलिंडरच्या चाचणीची तारीख कधीची आहे, हे तीन कागद सौदा ठरण्यापूर्वी मागून घ्यावेत. ते देण्यास विक्रेता टाळाटाळ करू लागला तर ती गाडी सोडून द्यावी, कारण या मॉडेलच्या जुन्या गाड्यांची ठाण्यात वाण नाही.